कुकुडकोंब्याच्या पायातली तार

वसंता, एक प्रश्न तू मला दोनदा विचारलास आणि दोन्ही वेळा मी तुझ्याशी खोटं बोललो. तिसऱ्यांदा विचारायला तू राहिला नाहीस. तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. मी तुझा थोरला भाऊ, कोणापुढे मान वाकवत नाही म्हणून कांजूरपासून गावापर्यंत ज्याला ओळखतात तो, ते उत्तर आज कागदावर लिहायला बसलोय.

परवा आपल्या गावकरी मंडळाचे सेक्रेटरी आले. म्हणाले, "दादा, यंदाच्या अंकात वसंतरावांवर चार ओळी द्या. जन्म कुठला, कंपनीत किती वर्षं, स्वभाव कसा. बस." मी म्हटलं, त्या चार ओळी तुम्हीच लिहा, तुम्हाला सगळं ठाऊक आहे. मी लिहीन ते वेगळं लिहीन आणि त्यातला एक शब्द कापलात तर अजिबात छापू नका. ते हसले. मी चौथी पास, आणि त्या चौथीलाही दोन वर्षं लागली. म्हातारा काय लिहिणार, असं त्यांना वाटलं असेल. पण मी दुसऱ्याकडून लिहून घेणार नाही. अक्षर माझं, चुका माझ्या. पाटावर वही ठेवलीय. तू असतास तर खाटेवरून ओरडला असतास, "दादा, चष्मो घाल आधी!"

गावकऱ्यांना तू आजारी होतास एवढंच माहीत. त्या खिडकीत तू दोन वर्षं काय करत होतास ते माहीत नाही. म्हणून आधी ते लिहितो.

आपली चाळ मिठागरांच्या बाजूची शेवटची. तुझी खोली टोकाची, तिला लागून माझी. मागच्या खिडकीतून झुडपं दिसतात, बोरी, करंज, घाणेरी, त्यापलीकडे नाला, आणि नाल्यापलीकडे मिठाचे चौकोन थेट खाडीच्या तिवरांपर्यंत. टीबीनं तुला कंपनीतून घरी बसवलं तेव्हा सुमननं खाट त्या खिडकीला लावली, वारा लागावा म्हणून. वारा किती लागला कोण जाणे. पण तुला तो कुकुडकोंबा लागला.

पुस्तकात त्याला भारद्वाज म्हणतात, ते तुला नाक्यावरच्या शाळेतल्या सरांनी सांगितलं. आपल्याकडे कुकुडकोंबा. लहानपणी आपण शंभर वेळा पाहिलेला, पण पाहिलेला म्हणजे काय, झुडपात काहीतरी तांबडं हललं की हात जोडायचे, आज काहीतरी चांगलं होणार म्हणून. तू मात्र त्याला माणसासारखा बघायला लागलास. संध्याकाळी मी जेवायला आलो की तुझं सुरू. कावळ्याएवढा आहे, पण शेपूट बघ केवढी. अंग काळं, उन्हात आला की निळं मारतं. पंख चिंचेनं घासलेल्या हंड्यासारखे. डोळे गुंजेसारखे लाल. "दादा, त्येच्या डोळ्यात बघलंस तर तुका वाटतला ह्यो आता कायतरी विचारतलो."

मी म्हणायचो, कावळ्यानं बायकोचा ब्लाउज घातलाय. सुमन आतून म्हणायची, "भावोजी, जेवताना तरी चांगलं बोला."

त्याला नीट उडता येत नाही हे मला तुझ्यामुळे कळलं. दोन फडफड करतो आणि मग कोणीतरी ढकलून दिल्यासारखा घसरत झुडपात शिरतो. त्यापेक्षा चालतो छान. शेपूट जमिनीला लागू न देता, एक एक पाय मोजून टाकत, कंपनीत साहेब राउंडला यायचा तसा. गोगलगाय उचलायची, आपटायची, खायची. सरडा, पाल, उंदराचं पिल्लू, बेडूक, काहीही. सकाळी ऊन आलं की करंजावर चढून पंख आणि शेपूट पसरून बसायचा, पाठ उन्हाकडे करून, धुणं वाळत घातल्यासारखा. आणि आवाज! रिकाम्या रांजणात तोंड घालून कोणी हुप, हुप, हुप करावं तसा. त्याचं झालं की मिठागराच्या बाजूनं दुसरा, त्याहून जाड आवाज यायचा. तो नर असणार, मी म्हटलं. तू म्हणालास, "नाय. जाड आवाज बाईचो. बाईच मोठी असता ह्यांच्यात. सरांनी सांगल्यानी." आणि मग हळूच, "आमच्या घरासारख्या."

"ऐकतेय मी," आतून सुमन.

खोकला येईपर्यंत हसलास तू. मग बराच वेळ खोकलास. मी तांब्या पुढे केला. असं ते दोन वर्षं चाललं.

आपलं भांडण लागलं ते सरांच्या पुस्तकावरून. सर म्हणाले, हा कोकिळेच्या कुळातला पक्षी. मी ते धरून बसलो. कोकिळेच्या कुळातला म्हणजे लबाड, दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालून मोकळा. तू चिडलास. "ह्यो स्वतः बांधता. मी बघलंय. त्येनाच काड्या आणल्यानी, आठ दिवस. दोघां पाळीपाळीन बसतत." मी म्हटलं, मग कोकिळेच्या कुळातला कसा? तू म्हणालास, कुळात असला म्हणून तसाच असायला हवा काय? मी म्हटलं, असायलाच हवा, नाहीतर कूळ कशाला म्हणायचं? तू म्हणालास, "तुका काय कळता पाखरातला?" मी म्हटलं, तुला पुस्तकातलं कळतं, मला जगातलं. चार दिवस मी जेवायला आलो तरी तुझ्याशी बोललो नाही, फक्त सुमनशी बोललो. पाचव्या दिवशी तू स्वतःच सांगितलंस की त्यानं शेजारच्या करंजावरच्या बुलबुलाची तिन्ही पिल्लं एकेक करून खाल्ली. मला जिंकू दिलंस. दुसरा कोणी असता तर लपवलं असतं. "बघलंस तुझो साधू?" मी म्हटलं. तू म्हणालास, "साधू मी खंय म्हटलंय? त्येका पोरां आसत." त्याला पोरं आहेत, एवढंच. हे भांडण संपलं नाही. अजूनही मला तुझं म्हणणं पटलेलं नाही. पण आता ते पटवायला येणार कोण?

पोरं आहेत म्हणालास तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं नव्हतं. तुम्हां दोघांना मूल झालं नाही. माझी बायको गेल्यावर माझं ताट तुमच्याकडे सुरू झालं ते आजपर्यंत. सुमननं कधी तोंडातून चकार शब्द काढला नाही आणि तू कधी मला उपकाराची जाणीव करून दिली नाहीस. याबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही. थोरला बोलत नसतो, असं माझं होतं.

आता पुढचं.

आषाढात मी तुझे रिपोर्ट घेऊन दवाखान्यात गेलो. तू म्हणालास, मी येतो, मी म्हटलं नको. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. त्यानं मला बसवलं आणि म्हणाला, "आजोबा, औषधं लागू पडत नाहीत आता. फार उशीर झाला. दिवाळी बघितली तर बघितली." मी घरी येऊन तुला म्हटलं, गोळ्या बदलल्यात, बरं वाटेल. ते पहिलं खोटं. ते मी मोजत नाही. ते कोणीही बोललं असतं.

त्याच दिवशी तू खिडकीत बसून सांगितलंस की घरट्यात पिल्लं आलीत. तिसऱ्या बोरीच्या पोटात, घाणेरीच्या जाळीत, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. बाजूनं भोक असलेलं गवताचं गाठोडं. तू बोटानं दाखवलंस आणि मी नीट लक्षात ठेवलं.

गावकऱ्यांनो, तुमच्यातल्या म्हाताऱ्यांना ही गोष्ट माहीत आहे. आमचा बाप सांगायचा. कुकुडकोंब्याला रानातली एक मुळी ठाऊक असते. ती माणसाला सापडत नाही. ती मिळवायची तर त्याच्या पिल्लाच्या पायाला लोखंड बांधायचं. मग तो जाऊन मुळी आणतो, पिल्लाच्या पायाला लावतो आणि लोखंड आपोआप तुटतं. घरट्यातल्या काड्या नंतर वाहत्या पाण्यात सोडायच्या. बाकीच्या प्रवाहाबरोबर जातात, मुळी उलटी जाते. ती उगाळून दिली की मरायला टेकलेला माणूस उठून बसतो. बापानं कोणाला दिलेली पाहिली होती का? नाही. त्याच्या बापानं पाहिली होती म्हणायचा. वसंता, तू लहानपणी एकदा विचारलं होतंस, "आणि लोखंड तुटला नाय तर पिल्लाचा काय?" बापानं तुला गप्प बस म्हटलं. मी पण हसलो होतो.

मी विक्रोळीला तारेच्या कारखान्यात एकतीस वर्षं बंडलं बांधली. तू माझ्याच हाताखाली शिकलास. तारेचं भेंडोळं आलं की त्याला बारीक तारेनं चार ठिकाणी आवळायचं, पक्कडीनं पीळ द्यायचा, तीन पीळ, आणि शेपूट आत दाबायचं, म्हणजे उचलणाऱ्याच्या हाताला लागत नाही. बाकीचे ते शेपूट नुसतं वळवून सोडायचे. मी आत दाबायचो. आणि मी डावखुरा, म्हणून माझा पीळ उलटा पडायचा. फोरमन लांबून बघून सांगायचा, हे दादाचं बंडल. एकतीस वर्षांत माझी एक गाठ सुटली नाही. लोक निवृत्त होताना घड्याळ दाखवतात, मी ही गोष्ट सांगत फिरलो.

तू दुपारी झोपला होतास तेव्हा मी बोरीत शिरलो. घरट्यात तीन पिल्लं होती. कातडी काळी आणि तिच्यावर पांढरे राठ केस, म्हाताऱ्याच्या कानातल्यासारखे. हात घातला तर फुसफुसली, सापासारखी, आणि एकानं माझ्या हातावर काळं पातळ काहीतरी सोडलं. ती घाण दोन दिवस गेली नाही, सुमनला मी गटारात पडलो म्हणून सांगितलं. सर्वात मोठं पिल्लू धरलं. त्याच्या पायात तार घातली आणि दुसरं टोक घरट्याखालच्या फांदीला. हलक्या हातानं केलं. बोचू नये म्हणून शेपूट आत दाबलं. वसंता, हे मी फुशारकी म्हणून लिहीत नाही. तूच ते पुढे पाहिलंस.

मग रोज सकाळी मी घरट्यातून चार काड्या काढून नाल्यात सोडायचो. टमरेल हातात असायचं म्हणून कोणी विचारत नव्हतं. पहिले चार दिवस काड्या खाडीकडे गेल्या. नर-मादी दोघं माझ्या डोक्यावरच्या फांदीवर बसून फुत्कारायची, पण घास भरवायची थांबली नाहीत. पाचव्या दिवशी काडी सोडली आणि ती उलटी गेली. खाडीकडून चाळीकडे, हळूहळू, सरळ. मी पाण्यात उतरून ती पकडली.

आपलं गाव घाटाच्या पायथ्याशी. आपली नदी एकाच बाजूला जाते. इथे एकतीस वर्षं मी घर आणि कंपनी केली, त्या नाल्याकडे कधी बघितलं नाही. मिठागरावरचा एक आगरी नंतर मला बांधावर भेटला. मी त्याला आडून विचारलं, नाल्यात कधी काही उलटं जातं का रे? तो मोठ्यानं हसला. "आजोबा, भरती लागली का सगलाच वर जातंय. काठीच काय, मेलेला कुत्रापन चालीपर्यंत येईल." ते मी नंतर ऐकलं. पण खरं सांगायचं तर भरती-ओहोटी मला माहीत नव्हती असं नाही. समुद्रावर गेलो नव्हतो का कधी? त्या सकाळी मला ती आठवून घ्यायची नव्हती.

ती काडी मी सहाणेवर उगाळली. मध घातला, दुधात कालवलं आणि सुमनला म्हटलं, गावाहून औषध आलंय, वैद्याचं आहे, रोज सकाळी दे. तिनं दिलं. पहिल्याच दिवशी तुझ्या पोटात ढवळलं, तू ओकलास. मी म्हटलं, आतली घाण पडतेय. चार दिवस दिलं.

आणि घरट्याकडे मी परत गेलो नाही. का जायचं? मुळी मिळाली म्हणजे तार तुटली असणारच. बापानं तसंच सांगितलं होतं. त्या चार दिवसांत मला किती सुखानं झोप लागली, ते आठवलं की आज अंगावर काटा येतो.

तू खिडकीतून मोजत होतास. मला म्हणालास, दोन पिल्लं बाहेर आली, फांद्यांवरून चढतायत, तिसरं कुठाय? मी म्हटलं, अशक्त असेल, येईल. तू म्हणालास, आई-बाप अजून घरट्यात जातायत, म्हणजे ते आत आहे. दोन दिवसांनी म्हणालास, ओरडतंय. मला काही ऐकू आलं नाही. तुला आलं.

नंतर ती दुपार. मी रेशनवर रांगेत होतो, सुमन सार्वजनिक नळावर. पाऊस लागलेला. दहा पावलांत ज्याचा दम जायचा, तो तू मागच्या दारानं चिखलातून बोरीपर्यंत गेलास. कसा गेलास ते तुलाच ठाऊक. मी परत आलो तेव्हा तू खाटेशेजारी जमिनीवर बसलेला, नखशिखान्त भिजलेला, हातापायावर काट्यांचे ओरखडे, आणि शर्टाच्या ओच्यात ते पिल्लू. पाय वाढला होता, तार तेवढीच राहिली होती. मांसात शिरली होती. तिच्या खालचा पंजा काळा पडून सुकला होता. फांदी मोडून तू पिल्लू तारेसकट आणलंस, कारण तुला गाठ सोडवता आली नाही. पिल्लाच्या पंखांवर तांबडा रंग नुकता धरायला लागला होता.

तू मला गाठ दाखवलीस. अंगठ्यानं पीळ चाचपलास, मग आत दाबलेलं शेपूट. वर बघितलंस. आणि विचारलंस,

"दादा, ह्या कोणी केल्यान?"

मी म्हटलं, "पोरांचे धंदे. चाळीत काय कमी आसत?"

मी पक्कड आणली आणि तार कापली. एका फटक्यात. तू माझ्या हातांकडे बघत होतास. पिल्लू संध्याकाळपर्यंत सुमनच्या टोपलीत होतं, तू त्याला गोगलगाईचं मांस भरवायचा प्रयत्न केलास. त्यानं तोंड उघडलं नाही. दिवे लागायच्या आत मेलं. आई-बाप दोघं त्या संध्याकाळी खिडकीच्या गजापर्यंत आली होती. इतकी जवळ ती कधीच आली नव्हती. तू हात जोडलेस. शुभ म्हणून जोडतात तसे नव्हते ते.

त्याच रात्री तुला ताप भरला. डॉक्टर दिवाळीचं बोलला होता, तू भाद्रपदही पुरता बघितला नाहीस.

जायच्या तीन दिवस आधी तू मला पुन्हा विचारलंस. सुमन बाहेर होती. आवाज राहिला नव्हता, मी कान तोंडाशी नेला. "दादा, ता कोणी केल्यान, ता कळला काय रे?" किती साधं करून विचारलंस! कोणी केलं असेल असं नाही, कळलं का असं. मला वाट करून दिलीस. दार उघडून बाजूला उभा राहिलास. मी म्हटलं, "नाय." तू म्हणालास, "बरा." आणि डोळे मिटून घेतलेस.

मी का बोललो नाही? मी स्वतःला सांगत होतो की खरं सांगितलं तर का केलं तेही सांगावं लागेल, आणि मग डॉक्टर काय म्हणाला ते तुला कळेल. हे कारण मी नंतर शोधून काढलेलं आहे. खरं कारण एवढंच की तू बावीस वर्षं माझ्या हाताखाली काम केलंस आणि माझ्या हाताचं काम चुकलं असं तुझ्यासमोर म्हणायची मला सवय नव्हती. धाकट्यासमोर तर नव्हतीच.

दहाव्याला तळ्याच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे होते, झाडभर होते. एकही खाली येईना. भटजी म्हणाले, काहीतरी इच्छा राहिलीय, बोला. मंडळातले एकेक पुढे आले. कोणी म्हटलं, सुमनवहिनींना काही कमी पडू देणार नाही. कोणी म्हटलं, गावच्या घराचं छप्पर आम्ही शाकारू. कावळा हलला नाही. मग सगळे माझ्याकडे वळले. "दादा, तुम्ही थोरले. बोला."

मी म्हटलं, "सुमनला अंतर देणार नाही."

कावळा नाही आला. पाऊण तास उन्हात उभे होतो. मी असं म्हणत नाही की कावळ्याला माझ्या पोटातलं कळलं. त्या दिवशी घाटावर आणखी तीन पिंड होते, त्यांची पोटं भरलेली असतील. पण मला माझ्या पोटातलं कळत होतं. जिभेवर होतं. साठ माणसांसमोर दोन शब्द बोलायचे होते. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे हातपाय धुवायला गेले. तुझा पिंड माझ्यामुळे गवतानं शिवला, वसंता.

म्हणून सेक्रेटरी आले तेव्हा मी वही काढली. साठ माणसांसमोर जे जमलं नाही ते अंक जितक्या घरांत जातो तितक्या घरांत जाऊ दे. पण छापायला देण्याआधी ज्या एका माणसाला हे ऐकायचा हक्क आहे तिला न ऐकवता देणं म्हणजे पुन्हा लपणं झालं असतं. काल दुपारी मी इथपर्यंतचं लिहिलेलं घेऊन सुमनकडे गेलो. ती तुझी गोधडी उसवत बसली होती. मी उंबऱ्यात उभा राहून सगळं वाचलं. मधे अडखळलो, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. तिनं मान वर केली नाही. बोटं टाके काढत होती. काडी दुधात कालवल्याचं आलं तेव्हा हात थांबला.

वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "ते वैद्याचं औषध. ती घरट्यातली काडी होती?"

मी हो म्हटलं.

"मी माझ्या हातानं पाजलं त्यांना. नको म्हणत होते. मी म्हटलं, भावोजींनी आणलंय, घ्या." उसवलेला दोरा बोटाला गुंडाळत म्हणाली, "तुमचं नाव ऐकलं आणि घेतलं त्यांनी."

हे मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "सुमन, मी त्याला वाचवायला..."

"ते कळलं मला. ते लिहिलंय तुम्ही." ती आपल्यासारखं बोलत नाही, मुंबईतच वाढलेली, तिचे शब्द सरळ येतात. "त्यांनी तुम्हाला दोनदा विचारलं. मला एकदाही काही बोलले नाहीत. जातानाही तुम्हाला सांभाळून घेतलं त्यांनी. मला नाही जमणार ते. आज तरी नाही. हे छापायला द्या, एक शब्द काढू नका. ताट मी दोन्ही वेळा पाठवीन. तुम्ही इकडे येऊ नका."

किती दिवस, हे मी विचारलं नाही. विचारायचा मला अधिकार आहे असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं नाही.

ती गोधडी घेऊन आतल्या बाजूला गेली. दार लावलं नाही, नुसती गेली. मी उंबऱ्यात वही धरून उभा. चाळीत कुठेही गेलो तर दादा, बसा, असं कोणीतरी म्हणतं, आणि ते म्हणेपर्यंत मी बसत नाही. काल मी बराच वेळ उभा होतो. कोणी म्हटलं नाही.

तार मी बांधली, वसंता.